महालातलं जुन्या रेकॉर्डींचं दुकान: 'स्टिरिओ'चे पैसे देण्याआधी ऐकून घ्या

नागपूरच्या महाल भागात बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत जुन्या रेकॉर्डींचं एक दुकान आहे. पाटी नाही, मोबाइलच्या नकाशावर खूण नाही. एका जुन्या वाड्याच्या पुढच्या खोलीत एक वयस्कर काकाजी ते चालवतात. नागपुरात एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या रेकॉर्डी, घ्यायच्या म्हटल्या की मी ओळखीच्यांना तिथेच पाठवते आणि पाठवताना बजावते, की कव्हरवर 'स्टिरिओ' (म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला वेगवेगळा आवाज) लिहिलंय एवढ्यावर जास्तीचे पैसे काढून देऊ नका, रेकॉर्ड लावायला सांगा. दुकान मला आवडतं ते इथे मनसोक्त ऐकू देतात म्हणून. आणि माझी जी एक मोठी तक्रार आहे, तीही या स्टिरिओ शब्दाबद्दलचीच आहे.

मी तबला शिकवते. शिकायला येणाऱ्या मुलांना जुन्या लोकांचे ठेके, त्यांची लयीची समज ऐकवायची असते, म्हणून रेकॉर्डी घेते. मोबाइलवर सगळं मिळतं हे खरं, पण एलपीच्या एका बाजूला २०-२२ मिनिटं सलग एकच राग उलगडत जातो आणि मुलं जागची हलत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे. तेव्हा माझ्या या लिहिण्यात कान तबल्याचा आहे हे धरून चाला.

खोली लहान. दोन भिंतींना लोखंडी रॅक, आणि सगळ्या रेकॉर्डी उभ्या ठेवलेल्या. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा आडव्या थप्पीत ठेवलेला माल वाकल्याशिवाय राहत नाही. काकाजी मधूनमधून रेकॉर्ड काढून टर्नटेबलवर नुसती फिरवून पाहतात, वाकलेली असली तर वेगळ्या खोक्यात टाकतात आणि त्या खोक्यावर तसं लिहिलेलं आहे. कव्हरांना कूलरचा ओलावा लागून बुरशी येते, ती मात्र इथेही आहे. रेकॉर्ड धुऊन देतात, कव्हरचं काही करत नाहीत.

खिडकीपाशी टर्नटेबल, जपानी बनावटीचा जुना अँप्लिफायर, दोन स्पीकर आणि एक जाडजूड हेडफोन. अँप्लिफायरवर 'मोनो' (म्हणजे दोन्ही स्पीकरला एकच आवाज) असं लिहिलेलं एक बटण आहे. माझ्या मते या दुकानातली सगळ्यात मोलाची वस्तू तेच बटण. उन्हाळ्यात खोलीत कूलर घरघरत असतो, पण कोणी ऐकायला बसलं की काकाजी स्वतः उठून तो बंद करतात. आपण घामाघूम होतो, पण ऐकायला मिळतं.

आता तक्रार. भाव लावायचं काम त्यांच्या पुतण्याकडे आहे. मोनो एलपी साधारण ३०० ते ४०० रुपयांना, आणि कव्हरवर स्टिरिओ छापलेलं असलं की तीच ७०० च्या पुढे. जुन्या नाट्यगीतांचा एक संग्रह मला ७५० रुपयांची चिठ्ठी लावलेला दिसला. त्यातली गाणी ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, एलपीआधीच्या तबकड्यांच्या काळातली. मी काकाजींना विचारलं, हे स्टिरिओ कसं असेल? तर म्हणाले, "ताई, कव्हरवर जे लिहिलं तेच पोरानं चिपकवलं. ऐकून पाहा ना, नाही जमलं तं ठेवून द्या. काऊन पैसे देता?" माणूस खोटं बोलत नाही, आणि भावही कमी करत नाही. गिऱ्हाइकं स्टिरिओच मागतात, हे त्यांचं म्हणणं. मी ती ऐकली, ठेवून दिली आणि त्यातलीच बरीचशी गाणी असलेली एक मोनो एलपी ३५० ला घेतली. आवाजाने ती कितीतरी सरस आहे.

ही खोटी, म्हणजे मोनोवरून केलेली, स्टिरिओ आली कुठून ते थोडक्यात सांगते, कारण त्यातूनच ती ओळखायची कशी हे कळतं. रेकॉर्डीवर सुई जिच्यातून फिरते त्या एकाच खाचेत दोन आवाज कोरायची युक्ती ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीतले इंजिनिअर अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्येच पेटंटसाठी मांडली होती. खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांत कललेल्या, आतल्या भिंतीवर डावा आवाज आणि बाहेरच्या भिंतीवर उजवा. पण बाजारात स्टिरिओ एलपी यायला १९५७-५८ उजाडलं. घरोघरी दोन स्पीकर आले, लोक दुकानात जाऊन स्टिरिओ मागू लागले, आणि कंपन्यांकडचा त्याआधीचा सगळा साठा तर मोनो. मग साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जुन्याच मोनो टेपची दोन वाहिन्यांची, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा असलेली, आवृत्ती करून विकायला सुरुवात झाली. एका बाजूला खर्ज वाढवायचा आणि वरचा आवाज दाबायचा, दुसऱ्या बाजूला उलटं करायचं. काही ठिकाणी एक बाजू किंचित उशिरा सोडायची, वर थोडा घुमारा मिसळायचा. कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीने याला 'ड्युओफोनिक' असं नाव दिलं. कोलंबियाच्या कव्हरांवर 'इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड', आरसीएच्या आणि ईएमआयच्या कव्हरांवर 'इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड', अमेरिकन डेक्काच्या कव्हरांवर 'एनहान्स्ड फॉर स्टिरिओ' असे शब्द सापडतात. म्हणून पहिलं काम, कव्हर उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा. समोर ठळक 'स्टिरिओ' आणि मागे तळाशी हे शब्द, असा प्रकार फार आहे.

दुसरं काम तारखांचं. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये, सैगल १९४७ च्या जानेवारीत. यांच्या आवाजाच्या कुठल्याही रेकॉर्डीवर स्टिरिओ लिहिलेलं दिसलं तर कान लावायचीसुद्धा गरज नाही, ती नंतर केलेली करामत आहे. आपली पन्नास-साठच्या दशकांतली चित्रपटगीतंही बहुतेक मोनोच ध्वनिमुद्रित होत. स्टिरिओतली चित्रपटगीतांची एलपी आपल्याकडे रुळली ती सत्तरच्या दशकात.

एचएमव्ही या कंपनीच्या भारतीय एलपींवर क्रमांकाच्या आधीची अक्षरंही पाहून ठेवा. ईसीएलपी आणि ईएएलपी म्हणजे मोनो, ईसीएसडी आणि ईएएसडी म्हणजे स्टिरिओ. पुतण्या याच अक्षरांवर भाव ठरवतो. पण ही अक्षरं एवढंच सांगतात, की खाच स्टिरिओची कापलेली आहे. गाणं ज्या दिवशी गायलं गेलं त्या दिवशी खोलीत दोन वाहिन्यांची टेप फिरत होती का, हे त्यांवरून कळत नाही. ते कानालाच विचारावं लागतं.

आणि इथे तबलेवाल्याचा कान कामाला येतो.

खोट्या स्टिरिओत खर्ज एका बाजूला आणि चढा आवाज दुसऱ्या बाजूला ढकललेला असतो. त्यामुळे तबल्याची जोडी, म्हणजे खर्जाचा डग्गा आणि चढा दायाँ, ऐकताना पहिल्या क्षणी माणूस खूश होतो. डग्ग्याची गाज डावीकडून, दायाँची चाट उजवीकडून! वाटतं, वा, काय सुंदर स्टिरिओ आहे. या मोहात न पडता एकच वाद्य धरून बसायचं. दायाँवरचा 'ना' किनारीवर वाजतो, टणक आणि चढा असतो. 'तूं' मोकळा, गोल, त्याच्याहून खालचा. दोन्ही बोल एकाच पुडीवरचे, एकाच हाताचे. खऱ्या ध्वनिमुद्रणात दोन्ही एकाच जागेवरून ऐकू यायला हवेत. खोट्यात 'ना' उजव्या कोपऱ्यात टणकन वाजतो आणि 'तूं' मधे सरकतो. डग्ग्याचं तर आणखी स्पष्ट कळतं. 'घे' डावीकडे घुमतो, आणि त्याच डग्ग्यावरचा सपाट पंजाचा 'के' उजवीकडे फटकन उमटतो. डग्गा बसल्या जागेवरून उठून पलीकडे जात नाही. असा एक 'घे' आणि एक 'के' पुरतो. तीनतालाच्या एका आवर्तनात निकाल लागतो.

गायकाच्या बाबतीत तान पाहा. खर्जातून निघून तार सप्तकाला भिडणारी सरळ सपाट तान आली, की हेडफोन घालून डोळे मिटायचे. गायक जागेवर बसून गातोय, की षड्जाला डावीकडे होता आणि वरच्या षड्जाला उजवीकडे पोचला? हार्मोनियमलाही हीच कसोटी लागते. तंबोऱ्याची खर्जाची तार एका कानात आणि जोडाच्या तारांची झणझण दुसऱ्या कानात, असं झालं तरी समजावं. आणि मूळ ७८ च्या तबकडीची खरखर, जी टेपवर उतरवतानाच आत आलेली असते, ती पातळ आवाजाच्या बाजूला गोळा झालेली सापडते. हा पुरावा मला नेहमी पक्का वाटत आला आहे.

जिथे एक बाजू उशिरा सोडलेली असते, ती रेकॉर्ड मी घरात आणत नाही. उशीर सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपासचा, कधी त्याहून जास्त. सतारीच्या आलापीत तो खपून जाईल. पण 'तिरकिट' ऐका, प्रत्येक बोलाला शेपूट फुटलेली असते. मुलांना बोल स्वच्छ काढा म्हणून मी महिनोन्‌महिने मागे लागते आणि मग त्यांना मोठ्या कलाकाराचा असा फुटलेला बोल ऐकवायचा? त्या कलाकाराने तो तसा वाजवलेलाच नाही.

आता ते मोनोचं बटण. हेडफोनवर ऐकता ऐकता बटण दाबायचं. खरी स्टिरिओ असेल तर सगळी वाद्यं मधे एकत्र येतात, रुंदी जाते, पण प्रत्येकाचा आवाज ओळखीचा राहतो. रेकॉर्ड मोनोच असेल तर गाण्यात फरक पडत नाही, उलट खरखर थोडी कमी होते, कारण मोनो खाचेत सुई फक्त आडवी हलते आणि उभ्या दिशेची सगळी हालचाल ही निव्वळ धूळ-ओरखड्यांची असते. बटणाने ती गळून जाते. खोटी स्टिरिओ, विशेषतः उशीर घातलेली, बटण दाबताच पोकळ होते. गायक पिंपात तोंड घालून गातोय असा आवाज येतो, कारण पुढेमागे झालेले दोन आवाज एकमेकांतले काही उंचीचे सूर खाऊन टाकतात. हा फरक सांगून कळत नाही, पण एकदा कानावर पडला की विसरत नाही. काकाजी हे बटण कोणालाही दाबू देतात. शहरात इतर ठिकाणी मला रेकॉर्ड नुसती लावून दाखवायलाही नकार मिळालेला आहे, म्हणून या गोष्टीचं मला फार अप्रूप आहे.

काही खऱ्या रेकॉर्डींवर मात्र लोक उगाच संशय घेतात. साठच्या दशकातल्या कितीतरी परदेशी रेकॉर्डींत गाणारा सगळा एका स्पीकरमध्ये आणि वाद्यं सगळी दुसऱ्यात. ऐकायला विचित्र लागतं आणि माणूस म्हणतो, हे नकली. पण ते खरंच टेपच्या दोन वेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित केलेलं असतं. मांडणी ओबडधोबड आहे, इतकंच. ओळखायची खूण तीच: वाद्य आपली जागा सोडत नाही. दुसरा प्रकार झिजलेल्या रेकॉर्डींचा. आपल्याकडे स्टिरिओ एलपी घरोघरी जड हाताच्या, स्वस्तातल्या प्लेअरवर वाजल्या. खाचेची एक भिंत दुसरीपेक्षा जास्त घासली गेली की त्या बाजूचा आवाज फाटतो आणि दोन बाजू वेगळ्या लागतात. फाटलेला आवाज आणि गाळून पातळ केलेला आवाज यांत फरक आहे. फाटलेल्या बाजूला मोठा स्वर आला की चिरकतो, पातळ केलेली बाजू मोठ्या स्वरालाही पातळच राहते. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: मोनो गाणं मधे जसंच्या तसं ठेवून फक्त घुमारा दोन बाजूंना पसरलेला. याने गाण्याची नासाडी होत नाही, ऐकायला बरंही वाटतं. पण त्याचे स्टिरिओचे पैसे द्यायला मी तयार नाही.

भिंगाचा उपाय काकाजींनी मला दाखवला. घड्याळजी वापरतात तसं डोळ्याला लावायचं भिंग घेऊन तिरप्या उजेडात खाच पाहायची. मोनो खाचेच्या दोन्ही कडा समांतर वळतात, रुंदी सारखी राहते. स्टिरिओत रुंदी कमीजास्त होते. छान दिसतं, मुलांना दाखवण्यासारखं आहे, पण खोट्या स्टिरिओचीही खाच रुंद-अरुंद होतच असते. तेव्हा भिंगाने एवढंच कळतं, की स्टिरिओ म्हणून विकलेली रेकॉर्ड मुळातच मोनो दाबलेली नाही ना.

घरी शंका उरली तर कंप्युटरवरची कसोटी आहे. रेकॉर्ड उतरवून घेता येत असेल तर ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, दोन वाहिन्या सुट्या करा, एक उलटी करा आणि दोन्ही एकत्र मिसळा. दोन्हींत जे सारखं आहे ते पुसलं जातं. मोनो रेकॉर्ड जवळजवळ गप्प होते, मागे फक्त खरखर. खऱ्या स्टिरिओत मधला गायक नाहीसा होतो आणि कडेची वाद्यं उरतात. खोट्यात गायक जात नाही, तबला जात नाही, सगळेच पातळ, कापरे होऊन उरतात. माझ्या एका विद्यार्थ्याने हे करून दाखवलं आणि कानाने लावलेला निकाल तिथेही तसाच आला.

इंग्रजी रेकॉर्डींचा एक लहान रॅक दारामागे आहे. त्यातलं मला फारसं कळत नाही, पण कॅपिटॉलच्या अमेरिकन दाबणीच्या काही रेकॉर्डी तिथे आहेत आणि त्यांवर 'ड्युओफोनिक' स्वच्छ छापलेलं आहे, तेव्हा घेणाऱ्याने पाहूनच घ्यावं. बीच बॉइज या अमेरिकन बँडचे ब्रायन विल्सन यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं. त्यांनी १९६६ चा आपला गाजलेला अल्बम मुद्दाम मोनोत बांधला, आणि कंपनीने तरीही त्याची ड्युओफोनिक आवृत्ती काढली. मूळ पट्ट्यांवरून खरं स्टिरिओ मिश्रण बाहेर यायला १९९७ उजाडलं. ज्याने मोनोत जीव ओतला त्याचं काम मोनोतच ऐकावं, एवढं मला यातून पटतं, आणि आपल्या जुन्या गवयांच्या बाबतीत तर ते आणखीच खरं आहे. तिथे एकाच मायक्रोफोनसमोर कोणी किती अंतरावर बसायचं हे ठरवूनच तोल साधलेला असायचा. गायक पुढे, तबला जरा मागे, तंबोरे आणखी मागे. चांगल्या मोनोत हे पुढेमागेपण ऐकू येतं. दोन बाजूंना फाडल्यावर ते नाहीसं होतं.

खोटी स्टिरिओ आधीच घरात असेल तर टाकून देऊ नका. अँप्लिफायरवर फक्त डावी किंवा फक्त उजवी वाहिनी दोन्ही स्पीकरला देता येत असेल तर जी बाजू जास्त भरीव वाटते ती एकटीच वाजवा. निदान उशिराचं शेपूट तरी जातं.

पुतण्याला मी सुचवलं आहे, की दोनाऐवजी तीन चिठ्ठ्या करा: मोनो, स्टिरिओ आणि मोनोवरून केलेली. त्याने काही रेकॉर्डींवर तसं लिहिलंही आहे, पण भाव अजून स्टिरिओचाच लावतो. हे बदलावं, कारण बाकी सगळा व्यवहार इथे सरळ आहे. ओरखडा असेल तर काकाजी आधी सांगतात. घरी नेऊन सुई अडकली तर आठवड्याच्या आत रेकॉर्ड बदलून देतात, हे त्यांनी माझ्या बाबतीत केलेलं आहे. ७८ च्या तबकड्या मात्र इथून घेऊ नका. ऐकवायला त्यांच्याकडे त्या जाड खाचेची सुई नाही, आणि न ऐकता घेण्यात अर्थ नाही.

दुकान सकाळी अकराच्या सुमारास उघडतं. संध्याकाळी गल्लीत गाड्यांचा आवाज इतका असतो की हेडफोनमधूनही आत येतो, तेव्हा दुपारच्या आत जा, जमलं तर हिवाळ्यात. गाडी चौकातच लावा. स्वतःचा हेडफोन नेला तर उत्तम, तिथल्याची एक बाजू मधूनच कमी होते आणि या कामात तेवढंही चालत नाही. शास्त्रीय संगीताच्या चांगल्या मोनो एलपी खिडकीखालच्या रॅकमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात आहेत, त्यांच्याकडे कोणी वाकून पाहत नाही. काकाजींकडून स्टूल मागून घ्या आणि तिथूनच सुरुवात करा.